ऑरविलचा आठ

आमच्या ऑरविलची जीभ आणि हात एकाच दोरीला बांधलेले आहेत, हे मला लग्नानंतर पहिल्याच महिन्यात कळलं. गोष्ट रंगात आली की त्याचा हात थांबतो. आता न्हाव्याचाच हात थांबला तर काय होणार? खुर्चीतला माणूस अर्धवट डोक्यानं बसून राहतो. गिऱ्हाइकं कुरकुर करत नाहीत, कारण उत्तर विस्कॉन्सिनच्या थंडीत त्यांना दुसरीकडे जायची घाई नसते आणि दुकानात कॉफी फुकट असते. उलट ऑरविल चिडला की हात सुसाट सुटतो. हरणाच्या शिकारीचे नियम बदलले, त्या आठवड्यात निम्मं गाव टक्कल झाकत फिरत होतं.

दुकानात त्याचा लाडका विषय एकच, मस्की मासा, आमच्या तळ्यांतला कमरेएवढा लांब, दातेरी शिकारी.

"मस्की भुकेपेक्षा भोचक जास्त," तो गिऱ्हाइकाला सांगतो. "गळ लावलेला लाकडी मासा लांब फेकायचा आणि काठीला झटके देत ओढायचा. तो जखमी झाल्यासारखा डावीउजवीकडे झोकांड्या खात येतो. मस्की मागोमाग पार बोटीपर्यंत येतो, पण तोंड उघडत नाही. तिथं तुम्ही गाढवं काय करता? लाकडी मासा पाण्याबाहेर काढता. अरे, खरा खेळ तिथं सुरू होतो! दोर वीतभर उरला की काठीचं टोक पाण्यात खुपस आणि इंग्रजी आठ काढ. एक मोठं वेटोळं इकडे, एक तिकडे, मधे फुली. वळण ऐसपैस घे, एवढा लांब मासा बोळात वळत नाही. वळताना जरा वेग दे. आणि काही झालं तरी हात थांबवू नकोस."

हे सांगताना त्याचा कंगवा हवेत थांबलेला असतो.

ऐकून गेलेल्यांनी मासे पकडले आणि इथल्या रिवाजाप्रमाणे परत तळ्यात सोडले. त्यांचे फोटो दुकानातल्या आरशाभोवती लागले. स्वतः ऑरविलला मात्र आजवर एकही मस्की मिळाला नव्हता. दिसले पुष्कळ. पण मासा बोटीशी आला की ह्याचा चेहरा नाताळातल्या पोरासारखा उजळायचा, हात जागच्या जागी थिजायचा आणि हा म्हणायचा, "अगं मार्डेल, बघ, बघ केवढा आहे!" जीव वाचवत पळणारा मासा असा उभा राहत नाही, एवढी अक्कल मस्कीला असते. तो खाली बुडी मारायचा आणि मी जाळं धरून करवलीसारखी उभी.

यंदा डॉक्टरांनी सांगितलं, उजवा खांदा कामातून गेलाय. सोमवारी शस्त्रक्रिया. पुढे कात्री चालेल, पण असलं जड लाकूड दिवसभर फेकणं कायमचं बंद.

"म्हणजे हा शनिवार शेवटचा," ऑरविल घरी आल्यावर म्हणाला. दुकानात गाजणारा आवाज पार बारीक झाला होता. त्या माशापायी माझा जन्म बोटीत गारठण्यात गेलाय. पण त्या दिवशी मी मनापासून म्हटलं, देवा, ह्या माणसाला एक तरी दे.

शनिवारी आम्ही लिटल मूस तळ्यावर होतो. बर्चच्या झाडांची पानं केव्हाच गळली होती आणि बोटीतल्या बाकांवर दहिवर गोठलं होतं. ऑरविल सकाळपासून फेकत होता. प्रत्येक फेकीला दात आवळत होता, आणि मासा असो नसो, शेवटी आठ काढत होता. मी लिव्हर सॉसेजचे सँडविच दिले, तेही त्यानं तसेच ठेवले.

ऊन कलायला लागलं तेव्हा मला तो दिसला. लाकडी माशाच्या मागे, पाण्याखालून फळीसारखं काहीतरी लांबलचक वर येत होतं. ऑरविलचं लक्ष नव्हतं. टोपी सारखी करून त्यानं सवयीनं आठ सुरू केला होता.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. ह्यानं पाहिलं की संपलं. रंगात येऊन मला काही सांगायला लागला, तरी संपलं. ह्याचा हात न थांबण्याचा एकच उपाय मला ठाऊक होता.

"गॉर्डीचा फोन आला होता," मी म्हटलं. गॉर्डी माझा भाऊ. ऑरविलला तो डोळ्यांसमोर नको असतो.

"काय म्हणतो आता?"

"गोठलेल्या तळ्यावर बसून मासे धरायची खोपटी यंदाही आपल्या अंगणात ठेवतो म्हणाला."

ऑरविल गर्रकन माझ्याकडे वळला. "आपल्या? त्याचं अंगण काय वाहून गेलं?" हात सुटला. मस्की पहिल्या वळणावर थोडा पुढे गेला, मग वळून पुन्हा लाकडी माशामागे लागला.

"मी हो म्हटलं."

"मला न विचारता?" दुसरं वेटोळं आणखी मोठं पडलं. असा झकास आठ त्यानं जन्मात काढला नव्हता, आणि बघत होता माझ्या तोंडाकडे.

"मोटारबोटही आणणार आहे. तुझ्या गाडीच्या जागी."

"आणि माझी गाडी काय तुझ्या आईच्या..."

पाणी फुटलं. काठी मुठीपर्यंत वाकली.

"ओंडका!" ऑरविल ओरडला.

"ओंडका शेपूट मारत नाही. दोर सोडत राहा, पळू दे त्याला."

किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी मासा जाळ्यात आला. ऑरविलनं त्याला पाण्याबाहेर काढलंच नाही. पक्कड घेऊन गळ सोडवले, शेपटीजवळ धरून त्याचा दम परत येईपर्यंत वाट पाहिली. मासा एक झटका देऊन गेला. ऑरविलचा हात मात्र तसाच पाण्यात राहिला.

मी पुढे सरकून त्याची बाही ओढली. 

"हात काढ, गारठेल," मी म्हटलं.

त्यानं हात काढून काखेत दाबला. "तू आधीच पाहिला होतास."

"पहिल्या वळणाच्याही आधी."

"आणि गप्प बसलीस?"

"गप्प कुठे? मी तर बोलतच होते."

तो हसला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले, तेव्हा काठाकडे तोंड करून बसला. "पुढच्या वर्षी ह्या दिवसांत मी काय करू, मार्डेल?"

 मासा मिळावा, एवढंच मी मागितलं होतं, पुढचं कुणी पाहिलं होतं? मी त्याच्या पायाशी पडलेली काठी उचलली आणि जाळं त्याच्या डाव्या बाजूला सरकवलं.

"मी फेकीन. तू जाळं धर. मासा आला की तोंड तेवढं बंद ठेव."

त्यानं जाळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बाहीनं नाक पुसलं.

"जाळं धरीन," तो म्हणाला. "दुसरं नाही जमायचं."