फवारणीवाल्याची बाग

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना सगळे फुसफुसकाका म्हणतात. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण आणि वाळवी मारली. पाठीवर टाकी, हातात नळी आणि फुस फुस आवाज, म्हणून हे नाव. त्यांना ते आवडायचं. आपल्या कामाचा त्यांना अभिमान होता आणि तो खोटा नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून ते नुसती नजर फिरवत आणि सांगत, "ओट्याखाली डावीकडे. तिथे फट आहे." आणि तिथे फट असायचीच.

मग त्यांच्या बोटांची साल निघायला लागली. जिना चढताना धाप लागायला लागली. आणि एक दिवस दूध पार करपून भांडं काळं झालं तरी बाजूच्या खुर्चीत बसलेल्या काकांना पत्ताच नाही. वास यायचा बंद झाला होता. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "हे काम सोडा. आज म्हणजे आजच." काकांनी टाकी कंपनीत जमा केली आणि ते घरी बसले.

त्यांची बायको पोस्टात खिडकीवर काम करते. सकाळी ती गेली की घर खायला उठायचं. पहिल्या आठवड्यात काकांनी दारांच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीप्रमाणे लावले. संध्याकाळी काकूंना हळद सापडेना, साखर सापडेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "माझे डबे सोडा. काहीतरी जिवंत धरा हातात."

स्वयंपाकघराबाहेर त्यांची छोटी गॅलरी आहे. सकाळचं ऊन तिथे चांगलं दोन-तीन तास थांबतं. काकूंनीच एक चीर गेलेला टब आणि कान तुटलेली बादली काढून दिली. टबात भाजी लावायची आणि बादलीत घरच्या ओल्या कचऱ्याचं खत करायचं, असं ठरलं. विकतचं खत नको, औषध तर नकोच. काकांनी पेचकस तापवून बादलीला भोकं पाडली आणि कामाला लागले.

माणूस नव्या कामात जुनीच सवय घेऊन शिरतो. काका सढळ हाताने फवारायचे, तसंच सढळ हाताने त्यांनी बादलीत साली टाकल्या, उरलंसुरलं टाकलं, वर तांब्यावर तांबे पाणी ओतलं. चौथ्या दिवशी खालच्या मजल्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई नाकाला रुमाल लावून वर आल्या.

"काका, तुमच्याकडे काही मेलंय का?"

"नाही हो बाई," काका गंभीरपणे म्हणाले, "मारायचं मी सोडलंय."

बादली सडली होती, आणि त्यांना काही म्हणता काही कळलं नव्हतं. संध्याकाळी काकू आल्या त्या पदर नाकाशी धरूनच. कोपऱ्यावरच्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, जुनी वर्तमानपत्रं फाडून घातली, सगळं खालीवर केलं. तेव्हापासून त्यांच्या घरात एक नेम सुरू झाला. काकू कामावरून आल्या की चपला काढण्याआधी बादलीवर वाकायच्या आणि निकाल द्यायच्या. "आंबट. कोरडं घाला अजून." "आज बरंय." तीन आठवड्यांनी एकदा त्या म्हणाल्या, "आज नुसती माती." काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसा काही आपलाच पहिला नंबर आलाय.

"नाक माझं, हात तुमचे," काकू म्हणाल्या. "होईल संसार."

बादलीत अळ्या दिसल्या तेव्हा मात्र काकांचा हात आपोआप पाठीकडे गेला. पाठीवर टाकी नव्हती. काकूंनी विचारलं, "या करतात काय पण?"

काकांना सांगता येईना. ही अळी कशाने मरते, किती वेळात मरते, ते त्यांना तोंडपाठ होतं. ती जगते कशी, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ते घरात शिरले की जीव एक तर पळायचे, नाही तर मरायचे. म्हणून त्यांनी स्टूल घेतलं आणि बादलीजवळ बसून राहिले. टरबुजाची एक जाड साल त्या अळ्यांनी दीड दिवसात कागदासारखी पातळ केली. "कामसू आहेत," ते रात्री जेवताना म्हणाले.

पालक उगवला, कोथिंबीर उगवली, टोमॅटोची सहा रोपं गुडघ्याएवढी झाली. एवढ्यात काकूंच्या बहिणीचा पाय मोडला आणि त्या आठ दिवसांसाठी तिच्याकडे गेल्या. नेमका त्याच आठवड्यात मावा पडला. टोमॅटोच्या कोवळ्या शेंड्यांवर, पालकाच्या पानांखाली, हिरवे बारीक किडे नुसते खच्चून बसले होते. दोन दिवस काकांनी बोटांनी पुसून काढले. तिसऱ्या दिवशी दुप्पट.

माळ्यावर कापडात गुंडाळलेली एक बाटली होती. टाकी जमा करताना ती राहून गेली होती, असं ते स्वतःलाही सांगत. त्यांनी ती काढली, फवारणीच्या छोट्या हातपंपात थोडं औषध घातलं, सवयीने श्वास रोखला आणि पानांची खालची बाजू नीट, एक फट न सोडता, भिजवून काढली. पाच मिनिटांचं काम. नंतर त्यांनी मला सांगितलं, की खरी लाज वेगळीच आहे. "मला बरं वाटलं हो. कित्येक महिन्यांनी एक काम मला येतं असं वाटलं."

सकाळी मावा मिरपुडीसारखा खाली पडला होता. शेजारच्या बादलीतल्या अळ्याही कडेला येऊन आकसून पडल्या होत्या. काकांनी तिच्यावर झाकण ठेवलं.

दोन दिवसांनी काकू परतल्या. स्वच्छ, तकतकीत पानं पाहून त्या हरखल्या. "वा! मी नसताना तर जास्तच छान ठेवलीत की." त्यांनी पालक खुडला, तीनदा धुतला आणि विळी ओढून चिरायला बसल्या. काका दारात उभे. एक जुडी चिरून झाली. दुसरी हातात घेतली.

"ती भाजी टाकून दे," काका म्हणाले.

"का?"

"मी औषध मारलंय. झुरळांचं."

काकूंनी विळी मिटली.

"मी खाल्ली असती," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच तर सांगितलं ना."

"आल्याबरोबर नाही सांगितलंत. चिरायला बसले तोवर थांबलात. ते कशासाठी?"

ते आपल्याला आजही कळत नाही, असं काका म्हणतात. कदाचित काकूंच्या तोंडून ऐकलेलं 'वा' त्यांना आणखी थोडा वेळ हवं होतं.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं. काकू संध्याकाळी यायच्या आणि बादलीकडे न बघता आत जायच्या. तिसऱ्या दिवशी काकांनी आपल्या जुन्या जोडीदाराला फोन केला. दोघांनी वीस वर्षं एकत्र घरं फवारली होती. तो आला, बाटली उजेडात धरून पाहिली.

"अर्धी आहे अजून. ठेव की. घर म्हटलं की लागतं."

"नको. ती घरात असली की माझा हात जातो."

"अरे, आपण काय पाप केलं का एवढी वर्षं?"

"नाही रे. लोकांना झोप लागायची आपल्यामुळे. पण ते वेगळं. हे खायचं आहे."

जोडीदाराने आणखी वाद घातला नाही. कंपनीत उरलेली औषधं वेगळी ठेवून नीट नष्ट करतात, तिथे तो बाटली घेऊन गेला. काकांनी सगळी रोपं उपटून पिशवीत बांधली. टबातली माती तीन खेपा करून खाली नेली आणि फाटकाशेजारच्या फुलझाडांना घातली. धाप लागली म्हणून प्रत्येक खेपेला जिन्यात बसले. बादली, टब घासून उन्हात पालथे घातले. गॅलरी पहिल्या दिवसासारखी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी बटाट्याच्या सालींचा वाडगा त्यांच्यासमोर ठेवला.

"एक अट," त्या म्हणाल्या. "यापुढे काहीही घालायचं तर मला विचारून."

"पाणीसुद्धा?"

"पाणी तर आधी."

टबात नवी माती भरून काकांनी पुन्हा टोमॅटोची सहा रोपं लावली. मावाही पुन्हा आला. तो येणारच होता. या वेळी काका रोज सकाळी तासभर ओलं फडकं घेऊन एकेक पान पुसायचे, शेंड्यांवर पाण्याची धार मारायचे, फारच झालं तर साबणाचं फिकट पाणी. धारेचं पाणी खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडलं. त्या भांडायला वर आल्या आणि जाताना दोन पानं पुसून गेल्या. सहातली दोन रोपं मेली. काकांना ते फार लागलं, पण हात कुठे गेला नाही.

एका सकाळी त्यांना एका पानावर एक चपटी, हिरवट अळी दिसली. पुसायला फडकं नेलं आणि थांबले. काकूंचं भिंग आणून बघतात तो ती अळी एक मावा तोंडात धरून वर उचलतेय, शोषून घेतेय आणि टरफल टाकून पुढच्याकडे वळतेय. काकांनी थेट पोस्टात फोन लावला.

"अगं, एक अळी मावा खातेय! आपला मावा!"

"अहो, माझ्यासमोर रांग उभी आहे."

"मग रांगेलाही सांग!"

काकूंनी खरंच सांगितलं म्हणे. रांगेतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान डोलावली आणि पाकीट पुढे सरकवलं.

त्या मोसमात चार झाडांना मिळून एकोणीस टोमॅटो आले. त्यातल्या पाचांना भोकं होती. काकूंनी तेवढा भाग कापून बाकीचं वापरलं. आता गॅलरीत सात टब आहेत. वांगं अजून एकदाही धड आलेलं नाही. खालच्या बाईंनीही दोन कुंड्या ठेवल्यात आणि त्यांच्या साली वरच्या बादलीत येतात. काकांचं नाक परत आलं नाही. डॉक्टर म्हणतात, आता आशा धरू नका. निकाल काकूच देतात.

सध्या गोगलगाईंचा त्रास आहे. काका सकाळी उठून त्या एकेक वेचतात, डब्यात घालतात आणि तीन मजले उतरून मागच्या मोकळ्या जागेत सोडून येतात.

"उगाच दमता," खालच्या बाई म्हणाल्या. "त्या परत चढून येतात वर."

"तीन मजले?" काका कठड्याला धरून श्वास घेत म्हणाले. "मग चार पानं खाऊ देत बिचारीला."