सुकन्याचा मरणोत्तर सन्मान

आपण मेल्याची बातमी सुकन्याला सकाळी नऊच्या सुमारास कळली, तेव्हा तिचे दोन्ही हात ज्वारीच्या पिठात होते.

बातमी आणली शालननं. शालन शेजारची, दवाखान्यात नर्स. गल्लीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्या घरच्या बाईच्या आधी हिला ठाऊक. दवाखान्यात कुणीतरी निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा ठेवून गेलं होतं. त्यातली एक घेऊन ती धावतच आली होती.

"सुकन्याताई, तृतीयपंथीयांच्या हक्कासाठी ज्यांनी पहिली वाट पाडली, त्यांचा जाहीर सन्मान हाय. रविवारी अकराला. तुझं नाव छापलंय की गं!"

"माझं? माझ्या कडक भाकरीचं आसंल," सुकन्या म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

शालन मोठ्यानं वाचायला लागली आणि मध्येच थांबली. पुन्हा वाचलं. मग पत्रिका उलटी करून बघितली, मागच्या बाजूला काही खुलासा असेल तर.

"अगं, नावापुढं कंसात मरणोत्तर लिवलंय."

"म्हंजी?"

"म्हंजी मेल्यानंतर. आन् खाली लिवलंय, सन्मान स्वीकारतील मातोश्री श्रीमती तानाबाई, मंद्रूप."

तव्यावरची भाकरी करपली. पंधरा वर्षांत या घरात भाकरी करपली नव्हती, पण सुकन्याला वाससुद्धा आला नाही. आपण मेलो याचा धक्का तिला बसलाच, पण तो त्यातल्या त्यात लहान. बावीस वर्षांत ज्या आईचं तोंड पाहिलं नाही, ती आई आपल्या मरणाचा मान घ्यायला येणार, हा दुसरा धक्का मोठा. 

सुकन्या मंद्रूपची. घरात मेंढरं, थोडी जिरायत, बाप लहानपणीच गेलेला. आईबापांनी ठेवलेलं नाव ती कुणाला सांगत नसे आणि आपणही ते विचारू नये. थोरला भाऊ बिरप्पा, धाकटी बहीण प्रियंका. सतराव्या वर्षी मेंढवाड्यामागं बहिणीचा परकर नेसलेली ती बिरप्पाला सापडली आणि त्यानं हातातल्या काठीनं तिला चावडीपर्यंत झोडत नेलं. गाव बघत होतं. गावाला तेवढं काम फार चांगलं जमतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती सोलापुरात आली, ती दानम्माच्या दारात. दानम्मा तृतीयपंथीयांची गुरू, तोंडाची फटकळ आणि पोटात माया. तिनं आधी जखमांना हळद लावली आणि मगच नाव विचारलं. मुलीनं सांगितलं, सुकन्या.

पंधरा दिवसांनी दानम्मा स्वतः मंद्रूपला जाऊन आली. पोर सुखरूप आहे, एवढं आईला कळवावं म्हणून. परत आल्यावर "घराला कुलूप हुतं," एवढंच बोलली आणि तिकडं तोंड करून झोपली.

दोन वर्षं सुकन्या टाळी वाजवत दुकानं फिरली. मग एक दिवस म्हणाली, हे माझ्यानं व्हायचं नाही, मी भाकरी करून विकेन. दानम्माच्या घरातल्या बाकीच्या हसल्या. हिच्या हातचं कोण खाणार? आणि खरंच कुणी खाईना. कडक भाकरी महिनाभर टिकते म्हणून बरं, नाहीतर तिचं दिवाळं पहिल्याच आठवड्यात निघालं असतं. त्यात रेशनकार्ड मिळेना. कार्डावर नवऱ्याचं नाव पाहिजे, नाहीतर बापाचं पाहिजे. ही म्हणे, माझं पाहिजे, आणि आम्ही चौघी एका चुलीवर जेवतो तर चौघींचं एक कुटुंब लिहा. कारकुनानं हात जोडले. सुकन्यानं कचेरीसमोर तीन दगड मांडून चूल पेटवली.

अकरा दिवस ती तिथं बसली. भाकऱ्या भाजायच्या, शेंगाचटणी घालायची आणि रांगेतल्या माणसांच्या हातावर ठेवायच्या. पहिले दोन दिवस माणसं लांब सरकली. तिसऱ्या दिवशी एका म्हातारीनं खाल्ली आणि ती मेली नाही. नवव्या दिवशी तो कारकूनच डबा विसरून आला आणि खिडकीतून हात बाहेर आला. अकराव्या दिवशी कार्ड. एका वर्तमानपत्रात चार ओळी आल्या: सुकन्या, मूळ गाव मंद्रूप. त्यानंतर तिच्यासारख्या कितीजणींना बसावं न लागता कार्डं मिळाली. तिनं कधी मोजलं नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. दानम्मा वारल्यावर ती इकडं या गल्लीत राहायला आली आणि भाकरीवाली सुकन्याताई होऊन गेली.

पत्रिकेवरच्या नंबरावर शालननं फोन लावला, तसे तासाभरात समितीचे चिटणीस सिद्धलिंगप्पा सर स्कूटरवरून हजर. निवृत्त शिक्षक, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. ते उंबऱ्याशीच थबकले. घाम पुसला, चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"तुम्ही... त्याच?"

"व्हय. बसा की सर. पानी घ्या. मेलेल्याच्या घरचं चालतंय न्हवं?"

सरांना हसावं की रडावं कळेना. त्यांनी जे सांगितलं ते असं. वर्तमानपत्राचं जुनं कात्रण हाती होतं, पण त्यातला पत्ता केव्हाच मोडून गेला होता. म्हणून ते मंद्रूपला गेले आणि गावातल्यांनी त्यांना तानाबाईंचं घर दाखवलं. तानाबाईंनी त्यांना काही न बोलता देव्हाऱ्यापुढं नेलं आणि चांदीचा एक टाक दाखवला.

टाक म्हटल्यावर सुकन्याला पुढचं सांगावं लागलं नाही. घरातलं माणूस गेलं की चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्ती ठोकून घ्यायची आणि देवांच्या ओळीत बसवायची, ही त्यांच्याकडची रीत. बापाचा टाक तिनं स्वतःच्या हातानं धुतलेला होता. त्याच्या शेजारी ती आता बसली होती. सणासुदीला अंघोळ, हळद, निवद. इकडं ती पिठात हात घालून जगत होती आणि तिकडं तिचा देव होऊन गेला होता.

"आमच्या घरी पण टाक आहेत हो," सर कळवळून म्हणाले. "मी चपला काढल्या, हात जोडले. मृत्यूचा दाखला विचारायचं मनात आलं नाही. देवाला कुणी पुरावा मागतं का? दुसऱ्या कुणी माणसानं तोंडानं सांगितलं असतं तर मी चार ठिकाणी चौकशी केली असती, शप्पथ!"

शालन कडाडली, "पन जित्या माणसाला मारलं कुनी?"

"बिरप्पानं," सुकन्या म्हणाली. तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. "दुसरं कोन? काठीनं मेले न्हाय, म्हनून चांदीत ठोकली."

सर लगेच मंद्रूपला फोन लावायला निघाले. सुकन्यानं त्यांचा हात धरला.

"नगा सांगू."

"अहो, असं कसं? तुमचा सन्मान आहे!"

"मेल्यावर आपल्यासाठी कोन रडतं, हे कुनाला बगायला मिळतंय, सर? मला बगू द्या. माज्या आईला हे खरं वाटतंय का ती बी ह्यात हाय, तेवढंच मला पायजे. मग तुमी काय बी छापा."

रविवारपर्यंतचे चार दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. भाकऱ्या जाड व्हायला लागल्या. आई फसली असेल तर तिच्यासमोर आपण उभं राहिलो की तिचं काळीज बंद पडेल, ही एक भीती. आणि फसली नसेल तर? या दुसऱ्या भीतीकडं ती बघतच नव्हती.

रविवारी सभागृहात शेवटच्या रांगेत ती शालनशेजारी बसली, डोक्यावरून पदर ओढून. पुढच्या रांगेत आई होती. केवढीशी झाली होती! शेजारी बिरप्पा, पटका बांधलेला, मिशा पांढऱ्या. त्याला बघताच सुकन्याच्या पाठीवरचे जुने वळ जागे झाले आणि तिनं खुर्चीची कड घट्ट धरली.

सिद्धलिंगप्पा सरांनी शब्द पाळला होता, पण सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना कुणी काहीच सांगितलं नव्हतं. दोन सत्कार झाले. मग त्या बाईंनी आवाज जड केला आणि म्हणाल्या, "आपल्यातून निघून गेलेल्या सुकन्या यांना आपण सर्वांनी एक मिनिट स्तब्ध उभं राहून श्रद्धांजली वाहू या."

तीनशे माणसं उभी राहिली. खुर्च्यांचा खडखडाट झाला आणि थांबला. शालननं सुकन्याकडं पाहिलं. काय करणार? सुकन्याही उभी राहिली. स्वतःला श्रद्धांजली वाहायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. सगळ्यांनी डोळे मिटले, माना खाली घातल्या. आणि त्या शांततेत पुढून एक हुंदका आला.

बिरप्पा रडत होता. पटक्याचं टोक तोंडात कोंबून, खांदे हलवत. हे काही लोकांना दाखवायचं रडणं नव्हतं. सुकन्या चक्रावली. ज्यानं मारलं म्हणून बावीस वर्षं मनातल्या मनात तिनं त्याला फाशी दिली, त्याला तर ती खरोखरच मेलेली वाटत होती!

मग तिनं आईकडं पाहिलं. तानाबाईची मान खाली नव्हती. ती वळून उभी होती आणि सभागृहाची एकेक रांग नजरेनं चाळत होती. सावकाश, कळपात आपलं मेंढरू हुडकावं तशी. ती नजर शेवटच्या रांगेवर आली आणि सुकन्यावर थांबली. खाली घातलेल्या तीनशे मानांच्या वरून दोघी एकमेकींकडं बघत होत्या. म्हातारी दचकली नाही. तिनं फक्त मोठा श्वास सोडला.

आईला ठाऊक होतं. सुरुवातीपासून ठाऊक होतं. 

मिनिट संपलं. तानाबाईंना व्यासपीठावर नेलं, अंगावर शाल घातली, हातात मानचिन्ह दिलं. दोन शब्द बोला, म्हणून कुणीतरी माईक पुढं केला. असल्या वेळी म्हाताऱ्या डोळ्यांना पदर लावतात आणि खाली उतरतात. ही उतरली नाही.

"तुमी समदी हुबी ऱ्हायलासा, लई उपकार झालं," ती म्हणाली. "पर माजं लेकरू मेलं न्हाय. त्येला म्या मारलं. दानम्मा सांगत आली हुती, पोर माज्याकडं सुखरूप हाय म्हनून. म्या तिला म्हनलं, परत हितं पाय ठिवू नगंस. प्रियंकाला बगाय आलेलं पाव्हणं दोनदा मागं फिरलं हुतं. त्ये जित्तं हाय तवर हिचं लगीन हुयाचं न्हाय, आसं समदी म्हनत हुती. म्या त्येच्या चपला नेऊन कुडलच्या संगमावर ठिवल्या. सोनाराकडनं टाक करून आनला. प्रियंकाचं झालं. औंदा तिच्या पोरीचं बी झालं. आता मी कुनाला भ्येत न्हाय. म्हनून आले."

 सुकन्याला दानम्माची ती पाठ आठवली, तिकडं तोंड करून झोपलेली. कुलूप नव्हतंच घराला.

बिरप्पा उठला. धडपडत, खुर्च्यांना अडखळत तो मधल्या वाटेनं मागं यायला लागला. सुकन्यानं नकळत दोन्ही हात डोक्यावर घेतले. एकोणचाळीस वर्षांची बाई, पण हात आपोआप वर गेले. शालन मध्ये उभी राहिली. त्यानं शालनला बाजूला केलं नाही, तो खालीच बसला, सुकन्याच्या पायाशी, आणि तिचं मनगट चाचपून बघायला लागला.

"चपला मला घावल्या हुत्या गं," तो म्हणाला. "तीन दिस मी पान्यात हुडकत हुतो तुला. मी झोडलं म्हनून तू जीव दिलास, आसं वाटत हुतं. बावीस वर्सं. पोराच्या अंगावर कदी हात टाकला न्हाय मी, काठी हातात धरवत न्हाय मला. ह्यो मान कशाचा, त्ये बी आईनं मला सांगितलं न्हाय. आई रोज बगत हुती. रोज!"

  मार खाल्लेला सुकन्याला आठवत होता, एकेक रट्टा आठवत होता, आणि त्याची माफी तिनं केलेली नव्हती. पण तिला जगायला भाकरी होती, चार माणसं होती, स्वतःचं नाव होतं. या माणसाला काय होतं?

सिद्धलिंगप्पा सर व्यासपीठावरून रडवेल्या आवाजात बोलावत होते, "सुकन्याताई, या, वर या! हा सन्मान तुमचा आहे!" कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तानाबाईनं अंगावरची शाल काढली आणि दोन्ही हातांनी पुढं धरली.

"घे. तुजं हाय," ती म्हणाली.

सुकन्या जागची हलली नाही. बिरप्पाचा हात तिनं आपल्या हातात घेतला होता.

"आई, माजं ऱ्हाऊ दे," ती शेवटच्या रांगेतून ओरडली. माईकची गरज पडली नाही. "मला मारलंस ते मी बगून घीन. आदी हेची माफी माग."

टाळ्या थांबल्या.  तानाबाईनं शाल टेबलावर ठेवली आणि एकेक पायरी उतरत खाली यायला लागली. पायऱ्या उंच होत्या आणि तिला हात द्यायला कुणीही पुढं झालं नाही.