केमोनंतर घेतलेलं एरंडेल

"आतड्याचा लिम्फोमा आहे, म्हणजे एक प्रकारचा कॅन्सर," बारामतीचे डॉक्टर म्हणाले. सोबत कोण आहे, असं विचारलं. कोणीच नव्हतं. माझं घर हिंगोलीकडं. मी आठवीतून शाळा सोडलेला, इंदापूरजवळ लोणी देवकरला कंपनीत पॅकिंगला होतो.

पहिली केमो झाली. केमो म्हणजे सलाइनमधून औषध. डॉक्टरांनी बजावलं, "गाठ आतड्याच्या भिंतीतच आहे. ती विरघळताना तिथं भोक पडू शकतं. क्वचित होतं, पण पोट दुखलं तर थेट इकडं या. घरचं काही घेऊ नका."

खोलीवर कोणी धड बोलत नव्हतं. सोबतच्या दोघांनी माझं ताट वेगळं केलं. सुपरवायझर फोनवर म्हणाला, "आजाऱ्याला घेऊन काय पूजा करू?" घरमालकीण शांताआक्का तर उठता-बसता टोचायची, "ह्यो रोग माझ्याच दारात कशाला आणलास रं?"

औषधानं चार दिवस शौचाला झालं नव्हतं. पाचव्या दिवशी पोटात पिळा पडायला लागला. मला वाटलं, कोंडलंय. पुन्हा सुट्टी मागितली तर काम गेलंच. गावी आई अशा वेळी चहातून एरंडेल द्यायची. तसंच घेतलं.

दुपारपर्यंत पोट लाकडासारखं कडक झालं. ताप नव्हता, म्हणून मी पडून राहिलो. केमोसोबत दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी ताप दबतो, हे नंतर कळलं.

आक्का धुणं वाळत घालायला आली आणि माझ्या उशाची बाटली बघून दारातच थांबली.

"काय ढोसलंस?"

"एरंडेल."

"डॉक्टरनं सांगितलं व्हतं का?"

"न्हाय."

"मग माझ्या खोलीत मरायचं ठरवलंय व्हय? ऊठ, मुडद्या!"

तिनं नवऱ्याला पिकअप काढायला लावली. इंदापूर जवळ होतं, पण माझे सगळे कागद बारामतीत. वाटेत तिच्या शिव्या थांबल्या नाहीत. खड्डा आला की मात्र मला दोन्ही हातांनी धरायची.

सीटी स्कॅनमध्ये परफोरेशन निघालं, म्हणजे आतड्याला भोक. सर्जन चिडले. "भोक एरंडेलानं पडलं असं म्हणणार नाही. पण तू त्यात भर घातलीस आणि वेळ घालवलास. आणखी उशीर केला असतास तर मला हात लावता आला नसता."

ऑपरेशनच्या फॉर्मवर जवळच्या माणसाची सही लागत होती. नात्याच्या रकान्यात आक्कानं 'मावशी' लिहायला लावलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "जगलास तर खोली खाली कर."

जगलो. आतड्याचा तुकडा काढला, पोटावर शौचासाठी पिशवी आली, आता उरलेल्या केमो चालू आहेत. कंपनीतून फोन आला नाही. त्यांच्यावरचा माझा राग गेलेला नाही.

केमो घेणाऱ्यांनो, पोट दुखलं तर आपल्या मनानं काही पिऊ नका. गोड बोलणारं माणूस जवळ नसेल तर शिव्या देणाऱ्याला हाक मारा. मी मारली नव्हती, आक्का आपसूक आली. तुमच्याकडं कोणी येईलच असं नाही.