शमाचं काळं पातेलं

खांडबाऱ्याच्या रमजानचाचांनी उभ्या हयातीत एकच धंदा केला, लोकांच्या भांड्यांना कल्हई लावायचा. सायकलला भाता बांधून ते नवापूरपासून खापरपर्यंत हिंडायचे. गावात नवसागराचा धूर उठला की बायका पातेली घेऊन झाडाखाली जमायच्या. काय दिवस होते ते!

मग स्टील आलं. तांब्यापितळेची भांडी मोडीत जाऊ लागली, तशी चाचा ती मागून आणू लागले. त्यांचं खांडबाऱ्यातलं छोटं दुकान भरलं, शाळेची मुलं बघायला येऊ लागली. सून कहकशाँनं अर्ज भरला. संग्रहालय म्हणून मान्यता मिळाली तर सरकारी अनुदान मिळेल, गळके पत्रे बदलता येतील. दर पावसाळ्यात भांड्यांवर प्लास्टिक टाकून चाचा कंटाळले होते. त्यांना मान्यतेची आस लागली.

तपासणीला सरकारी मॅडम येणार म्हटल्यावर या भल्या माणसानं काय करावं? पंधरा दिवस भट्टी पेटवली. एकूण एक भांडं चिंचेनं घासलं, आतून कल्हई केली. पाहुणे येणार तर भांडी लखलखीत हवीत, एवढंच त्यांना ठाऊक.

मॅडम दारातच थांबल्या. "चाचा, हे सगळं नवं केलंत! चुलीची काजळी, वापराच्या खुणा, त्याच तर जपायच्या असतात. संग्रहालयातली वस्तू अशी घासायची नाही, नियम आहे. यंदा मान्यता नाही देता येणार."

करायला गेले गणपती अन् झाला मारुती! चाचांचा चेहराच उतरला.

तेवढ्यात मॅडमना वरच्या फळीवर एक काळंकुट्ट पातेलं दिसलं. काठावर डाळीचा ओघळ वाळलेला.

"आणि हे?"

"ते मन्ही बायकोनं शे, शमानं. ती गयी तईपाईन मी तेले हात लावा नही."

शमाच्या हातच्या शेवटच्या डाळीचं ते पातेलं कहकशाँनं दोनदा घासायला काढलं होतं, म्हणून चाचांनी दुकानात आणून लपवलं होतं. पण आपल्यामागे ते कोण राखणार, हा घोर चार वर्षं त्यांना पोखरत होता.

"हे पहिल्या नंबरावर नोंदवा," मॅडम म्हणाल्या. "इथून सुरुवात करा, पुढच्या वर्षी मी पुन्हा येते. पण एकदा नोंदलं की ते संग्रहालयाचं. घरी न्यायचं नाही."

चाचांनी पातेलं अलगद फळीवरून खाली घेतलं.

"मंग तेले कोनी घासी नही ना? मी मरी गऊ तरी?"

"नाही. तोच तर नियम आहे."

"मंग लिखी ल्या, ताई."