मुहूर्तावर फोडलेला साचा

वडिवळ्याच्या अलीकडे आमची वाडी आहे. तिथल्या देवळाला घंटा हवी होती. बाजारात तयार मिळत असताना कमिटीने ठरवलं, घरोघरची जुनी भांडी गोळा करायची आणि ओतारी बोलावून देवळापुढेच घंटा ओतायची. कल्पना चांगली होती. कमिटीची तेवढी एकच. मी आईचा तांब्याचा हंडा दिला. ती गेल्यावर तिचं म्हणून घरात तेवढंच उरलं होतं. बायको म्हणाली, "रोज ऐकू तरी येईल."

सकाळी ओतलेली घंटा दुसऱ्या दिवसापर्यंत मातीच्या साच्यातच निवू द्यायची, असं ओताऱ्याने बजावलं होतं. पण उद्घाटनाला बोलावलेले पाहुणे दुपारीच आले. त्यांना पुढे लोणावळ्याला एका रिसॉर्टची फीत कापायची होती. साचा फोडायचा मुहूर्तही त्यांच्याच गाडीतून आल्यासारखा लगेच निघाला.

मी आंबीच्या कारखान्यात ओतीव भाग तपासतो. अध्यक्षांना म्हटलं, "भाऊ, घंटा कमरेला एक बोट जाड आहे, कडेला तीन. साचा आत्ता फोडला तर कंबर आधी निवून घट्ट होणार. मागाहून कड आकसायला लागली की कंबर तिला आकसू देणार नाही. कड तडकेल."

"आरं, आज वारा बी न्हाई. निवंल कशानं?"

"सकाळी भट्टीपुढं वारा होता का? तरी तोंड भाजलंच ना? लाल धातू नुसता उघडा ठेवला तरी उष्णता फेकतो."

"लय शिकलाय बाबा! हे देवाचं काम हाय, तुज्या कंपनीचं न्हाई."

सगळे हसले. ओताऱ्याने तंबाखू मळत म्हटलं, "तुमची घंटा, तुमचा साचा."

साचा फोडला. आत घंटा लालबुंद. मोबाइल वर झाले. पाहुण्यांना जवळ जाववेना, म्हणून त्यांनी हार लांबूनच फेकला. तो पडल्या पडल्या जळाला. त्यावरही टाळ्या पडल्या. कंबर काळी पडली तेव्हा कड अजून लाल होती. पाहुणे तोवर लोणावळ्याच्या वाटेला लागले असतील.

तिन्हीसांजेला 'टण्ण' झालं. त्या घंटेचा खणखणीत असा आवाज तेवढाच. कडेपासून वर वीतभर तडा गेला होता.

"कुनीतरी सुतकातलं भांडं दिलंय," अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. आईला जाऊन दीड वर्ष झालं होतं. ज्यांना सुतकाचे दिवस मोजता येत नाहीत, त्यांना मी बोटांचा हिशोब सांगत बसलो होतो.

पुन्हा ओतून घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "पाव्हन्यांनी उद्घाटन केलंय. आता वितळवायची कशी?" मग तड्यात सोनेरी रंग भरला आणि तीच टांगली. वाजवली की थड करते. म्हणून आता आरतीला भोंग्यावर घंटेचं रेकॉर्डिंग लावतात. ते सुरू झालं की बायको उठून खिडकी लावून घेते.