फक्कीचा त्रिकोण

त्या गुरुवारी सकाळी शाळेच्या मैदानावर तीस-चाळीस घागरींची रांग दिसली आणि मी फाटकातच थांबले.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. एम. एस्सी. होऊन भूम तालुक्यातल्या एका हायस्कुलात तात्पुरत्या जागेवर लागले होते. त्या दिवशी तपासणीचे साहेब माझा पाठ पाहणार होते. मी कायम होणार की घरी परतून पाहायला येणाऱ्या मंडळींपुढे पोह्यांच्या बशा फिरवणार, हे त्यांच्या शेऱ्यावर ठरायचे होते.

पाठ भूमिती श्रेढीचा होता. मुले सूत्र घडाघडा म्हणत. पण न संपणाऱ्या पदांची बेरीज एका ठरावीक संख्येपाशी येते, यावर त्यांचा विश्वास नव्हता. विद्यापीठाच्या ग्रंथालयात एका नियतकालिकात मी फ्रॅक्टल या नव्या नावाच्या आकृत्या पाहिल्या होत्या. त्यांचा लहानसा तुकडाही सबंध आकृतीसारखाच दिसतो. त्यांतली सोपी मी निवडली. समभुज त्रिकोण घ्यायचा, बाजूंचे मध्यबिंदू जोडायचे, चार सारखे त्रिकोण होतात. मधला काढून टाकायचा. उरलेल्या तिघांवर पुन्हा तेच, आणि पुन्हा तेच. फळा अपुरा पडेल म्हणून बुधवारी शाळा सुटल्यावर मी खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि खेळाच्या खोलीतली फक्की, म्हणजे आखणीची पांढरी पूड, घेऊन मैदानभर त्रिकोण आखला.

एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. दुष्काळाच्या त्या वर्षी गावाला खुंट्या, सुतळी आणि फक्की एकत्र दिसत ती एकाच वेळी : सरकारी माणसे बोअरची जागा आखत तेव्हा.

रांगेच्या तोंडाशी बसलेल्या मावशी, माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आजी, मला पाहून उठल्या. "बाई, कंच्या कोपऱ्यात लागतंय पानी? मी आपली मदीच बसलेय."

"पहाटंपासून बसल्यात म्हून काय बोर त्यांच्या नावाचं?" मागून कोणी म्हणाली. रांग हसली.

मुख्याध्यापकांनी मला व्हरांड्यात बोलावले. "बाई, साहेब जाईपर्यंत तोंड उघडू नका. आत्ता खरं कळलं तर या बाया जीपला घेराव घालतील. मग शेरा काय येईल, ते तुम्हीच गणित करून काढा."

तेवढ्यात जीप आली. "आली, आली बोरवाल्या साहेबाची गाडी!" म्हणत सगळ्या उठल्या. साहेबांनी घागरींकडे पाहिले, मग माझ्याकडे. "हा काय प्रकार आहे?"

मी भराभर विचार केला. गप्प राहिले तर शेरा वाचेल. पण रांग इथेच उन्हात बसेल, आणि टँकर नेहमीप्रमाणे गावाच्या दुसऱ्या टोकाला येऊन निघून जाईल. मी रांगेकडे वळले.

"मावशी, इथं बोअर नाही. मुलांच्या गणितासाठी मी काढलेली आकृती आहे ही."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग मावशी म्हणाल्या, "गणितापायी इतकी फक्की? आन आमाला वाटलं, सरकारला जाग आली!"

"पाठ सुरू करा," साहेब कोरडेपणाने म्हणाले.

काढून टाकलेले त्रिकोण मोजायला खुणा हव्या होत्या. मी मावशींकडे घागर मागितली; मागतानाच वाटले, आता भडका उडणार.

"घ्या की. रिकामीच हाय."

मधल्या त्रिकोणात मावशींची घागर ठेवली, मग बाकीच्या बायकांनीही दिल्या; त्याहून लहान तिघांत तीन, आणखी लहान नवांत नऊ. मुले बोलू लागली : एक चतुर्थांश, तीन सोळांश, नऊ चौसष्टांश. प्रत्येक पद मागच्याच्या पाऊणपट. पहिले पद पाव; एकातून पाऊण वजा केले तरी पावच. सूत्राप्रमाणे पावाला पावाने भागले. बेरीज बरोबर एक आली, म्हणजे सबंध त्रिकोण.

"मग उरलं किती?" साहेबांनी मावशींच्या नातीला विचारले.

"दर वेळी पाऊण उरतंय, साहेब. एकदम सगळं कधीच जात न्हाय. पण असंच चालू राहिलं तर काहीच उरत न्हाय."

"आमच्या हिरीचं असंच झालं," मावशी म्हणाल्या.

पाठ केलेल्या त्या सूत्राची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

इतक्यात गावाच्या पलीकडून टँकरचा हॉर्न वाजला. बायकांनी आकृतीतल्या घागरी उचलल्या आणि फक्की तुडवत धूम ठोकली. मधली घागर तेवढी राहिली. ती साहेबांच्या पायाशी होती. तिथवर जायला मावशी धजल्या नव्हत्या. त्या मोकळ्या हातांनीच निघाल्या होत्या.

साहेब वहीत लिहू लागले. मी परवानगी न मागता घागर उचलली आणि मावशींच्या मागे पळाले.

कायम झाल्याचा आदेश जूनमध्ये आला. पण त्या सकाळी मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. आम्ही पोचलो तेव्हा टँकर संपत आला होता. मावशींच्या वाट्याला अर्धी घागर आली. ती कमरेवर घेत त्या म्हणाल्या, "अर्धी तर अर्धी. आता जावा, बाई. तुमचा साहेब वाट बघत आसंल."

मी भीतभीतच मागे फिरले.