हाथा आणि उद्देशिका

संविधानाची उद्देशिका हा राष्ट्राचा आरसा आहे, असं आम्हाला मीटिंगमध्ये सांगण्यात आलं. आरसा साठ फूट लांब आणि सात फूट उंच हवा होता. त्यामागची वस्ती रस्त्यावरून दिसता कामा नये, एवढी एकच अट होती.

मी पेंटर. तात्यापाऱ्यात दुकान आहे. आता सगळे फ्लेक्स छापून घेतात. भिंतीवर हाताने मोठी अक्षरं लिहिणारे रायपुरात दोघं-तिघं उरलोत. काम सिलतऱ्याच्या रस्त्यावर होतं. दुसऱ्या दिवशी मोठे पाहुणे तिथे गाडीतून उतरणार, उद्देशिका वाचणार, फोटो काढणार.

सकाळी पोचलो तर नव्या भिंतीच्या मधोमध तांदळाच्या पिठात बुडवलेल्या हातांचे ठसे. इकडे सणाला बायका दाराच्या दोन्ही अंगांना असे हात उठवतात, त्याला हाथा म्हणतात. इथे दोन उभ्या रांगा होत्या, मध्ये तीन फूट मोकळे. दार मात्र नव्हतं.

भिंतीसमोर बायका पाणी भरायच्या रिकाम्या गुंड्या घेऊन बसल्या होत्या, गात होत्या. त्यांतली फुलेश्वरी दीदी स्पंज आयर्नच्या कारखान्यात कामाला. ती म्हणाली, "भैया, नल सड़क के ओ पार हे. अब पानी बर कतका घूमबो?"

गल्लीचं तोंड या भिंतीनेच बुजवलं होतं, रस्त्यापलीकडच्या नळाला जायचं तर लांबचा वळसा. मी तिच्यासोबत पाण्याची एक खेप केली. नाल्याच्या काठाने, मग ट्रकांच्या मधून. पाऊण तास. परत येईस्तोवर माझं डोकं तापलं होतं. ही भिंत बांधणाऱ्यांनीच मला 'बंधुता' दोन फुटी अक्षरांत लिहायला सांगितली होती, तिरंगी बॉर्डरसकट.

खेपेहून येताना दुसऱ्या पेंटरला फोन केला. तो माझ्याच हाताखाली शिकलेला.

इंजिनियर घाटोळे आले. अकोल्याचे.

"काका, काहून थांबले? ते हात पुसा अन् सूत मारा."

सूत मारणं म्हणजे रंगात बुडवलेली दोरी ताणून भिंतीवर सरळ रेघ उठवणं. ती उठल्याशिवाय अक्षर सुरू होत नाही.

"पहिले दारासाठी भिंत फोडा," मी म्हणालो.

"तुमचं काम लिहायचं आहे. समाजसेवा नाही."

"मंग एक खेप तुम्ही करून या. गुंडी मी देतो."

"काका, मले नोकरी करायची आहे."

फुलेश्वरी दीदी मागून म्हणाली, "साहब ला पियास नई लागय का?" बायका खदाखदा हसल्या.

घाटोळ्यांनी रागाने त्याच दुसऱ्या पेंटरला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, "दार झालं का?"

मग घाटोळे झाडाखाली जाऊन वरच्या साहेबांशी बराच वेळ बोलले. बोलले म्हणजे ऐकत उभे राहिले. दोन तासांनी गवंडी आला. त्याने हाथ्यांच्या दोन रांगांमधला भाग फोडला. विटा खाली पडताच पहिली गुंडी पार झाली. धूळ बसायची वाटही कोणी पाहिली नाही.

मी पहिला आराखडा फाडला, दार सोडून दोन्ही बाजूंना नव्याने ओळी आखल्या आणि दिवस बुडेपर्यंत लिहिलं. पिठाचे हात पुसले नाहीत.

त्या दिवसापासून भिंत रंगवायला घेण्याआधी तिच्यामागे कोण राहतं हे मी विचारून घेतो. माप नंतर.

दुसऱ्या दिवशी पाहुणे विमानतळावरून दुसऱ्याच रस्त्याने गेले.